तिऱ्हाइताची साक्ष

बांधाचा तंटा हे आमच्या नगर जिल्ह्यातले बारमाही पीक आहे. पाऊस पडो वा न पडो, ते उगवतेच. दोन भाऊ, मध्ये हातभर रुंदीचा बांध आणि त्यावर कधीकाळी आजोबांनी राखलेली एक बाभूळ, एवढे भांडवल त्याला तीन पिढ्या पुरते. अशा तंट्यात दोन्ही पक्षांना सर्वांत आधी हवा असतो तो तिऱ्हाईत माणूस. भावकीतल्या साक्षीला कोणी किंमत देत नाही. तिऱ्हाईत बोलला की मात्र सगळे गप्प बसून ऐकतात.

पण तिऱ्हाइतांतही दोन प्रकार मी पाहिले आहेत. एक वहाणा सरसावून थेट बांधापर्यंत चालत जातो, बाभळीच्या मुळ्या कुठल्या अंगाला गेल्या आहेत ते वाकून पाहतो, नांगराचा फाळ कुणाच्या बाजूने आत शिरला आहे ते बोटाने दाखवतो. दुसरा देवळाच्या पारावरच बसतो, दोन्ही भावांचा चहा घेतो आणि ‘तुम्हां दोघांचेही चुकले, भावाभावांनी असे भांडू नये’ एवढे सांगून धोतर झटकून उठतो. गंमत अशी, की गावात न्यायी म्हणून नाव होते ते बहुधा या दुसऱ्याचेच.

देशादेशांच्या तंट्यातला तिऱ्हाईत म्हणजे परदेशी बातमीदार. आपला देश शेजाऱ्यांशी कसा वागतो याबद्दल आपल्या सरकारचे म्हणणे आपल्याला तोंडपाठ असते. शेजारच्या सरकारचे म्हणणे आपण ऐकून घेत नाही. उरला लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा पत्रकार. त्याने आपल्याबद्दल दोन ओळी बऱ्या लिहिल्या, तर त्या आपल्या वर्तमानपत्रांत चौकट आखून छापल्या जातात. वाईट लिहिल्या, तर त्या गोऱ्या डोळ्यांत साम्राज्याचा मोतीबिंदू अजून शिल्लक असल्याचा शोध आपल्याला लागतो. हे दोन्ही अभिप्राय मी केडगावातल्या एकाच चहाच्या टपरीवर, एकाच गृहस्थाच्या तोंडून, एकाच आठवड्यात ऐकलेले आहेत.

केडगावच्या माणसाने परराष्ट्रकारणावर बोलावे, याचे बाहेरच्यांना हसू येईल. आमचे गाव ओळखले जाते ते देवीच्या नवरात्रातल्या यात्रेसाठी. पण थोडे पलीकडे नगरचा भुईकोट किल्ला आहे, आणि त्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू कैदेत होते. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, आम्ही बोलताना पूर्वीही नुसते ‘नगर’ म्हणत होतो, आजही तसेच म्हणतो.) त्या किल्ल्यात त्यांच्या सोबतीला असलेले असफ अली पुढे अमेरिकेतले आपले पहिले राजदूत झाले. रणगाडा दलाचे मोठे केंद्रही नगरलाच. त्यामुळे ज्यांनी दुसऱ्या देशाची माती पायाखाली तुडवली आहे, असा एखादा तरी निवृत्त जवान आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतो. तो टपरीवर बसला, की श्रीलंका आणि बांगलादेश हे सुप्याच्या आणि राहुरीच्या मधोमध कुठेतरी असावेत असे वाटू लागते.

माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कादंबऱ्या लिहितो त्या मराठीत, शाळेत शिकवतो तेही मराठीत. इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे म्हणजे मांडीवर शब्दकोश घेऊन बसावे लागते, आणि एका स्तंभाला तास लागतो. पण मंद वाचणाऱ्याचा एक फायदा असतो. मजकूर वेगाने पुढे सरकत नसल्यामुळे तो बातमीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापलेले गावाचे नावसुद्धा वाचतो. बातमी कुठून धाडली आहे? ढाक्याहून, की दिल्लीच्या हॉटेलातून, की लंडनच्या कचेरीतून? मला तर हल्ली मजकुरापेक्षा त्या एका शब्दातच अधिक गोडी वाटते. बांधापर्यंत गेलेला कोण आणि पारावर बसलेला कोण, हे त्या शब्दावरून पुष्कळदा कळते.

गेल्या वर्षी १९ डिसेंबरला, म्हणजे गोवामुक्तीच्या दिवशी, मी वर्गात एक प्रयोग केला. हल्ली जुनी परदेशी वर्तमानपत्रे घरबसल्या वाचायला मिळतात. १९६१ सालच्या त्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक अग्रलेख लिहून भारताला आक्रमक ठरवले होते, गोव्यावर सैन्य घालून नेहरूंनी भारताच्या चांगल्या नावाची आणि आंतरराष्ट्रीय नीतीची भरून न येणारी हानी केली, असा त्याचा आशय होता. तो मी मुलांना सोप्या मराठीत सांगितला. वर्ग एकदम गप्प झाला. सकाळी झेंड्याला सलाम करून आलेली मुले ती! शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीने विचारले, “सर, हे लिहिणारे तिथे आले होते का?”

सबंध वर्षात मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी एक पालक शाळेत आले. गृहस्थ सभ्य होते, रागावलेलेही नव्हते. जरा दुखावलेले होते. म्हणाले, “सर, आपलीच बदनामी आपल्याच मुलांपुढे वाचून दाखवायची काय गरज? जगाला काय, बोलायलाच हवं असतं.” मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि जे वर्गात वेळेअभावी सांगायचे राहिले होते ते त्यांना सांगू लागलो. तेच येथे सांगतो.

गोव्याची गोष्ट १९६१ साली सुरू होत नाही. इंग्रज गेले तरी पोर्तुगीज गेले नव्हते, आणि १९५५ च्या १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. सेनापती आमच्या जिल्ह्यातल्या पारनेरचे. एडिंबरोला शिकायला गेलेला, पॅरिसमध्ये बाँबची विद्या हस्तगत करून आलेला हा माणूस. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातात काही न घेता बंदुकांसमोर गेला. नानासाहेबांना पुढे आग्वादच्या तुरुंगात डांबले. मग आला १५ ऑगस्ट. त्या दिवशी हजारो निःशस्त्र माणसे वेगवेगळ्या वाटांनी गोव्याची सीमा ओलांडू लागली. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे जागच्या जागी पडली, शेकडो जखमी झाली. या सत्याग्रहात बळी गेलेल्यांत पनवेलचे हिरवे गुरुजी होते. माझ्या पेशाचा माणूस म्हणून हे नाव माझ्या मनात विशेष राहिले आहे.

त्या दिवशी सीमेवर परदेशी बातमीदार हजर होते. त्यांनी हात जोडून चालणाऱ्या माणसांवर झालेला गोळीबार डोळ्यांनी पाहिला आणि आपापल्या देशांत कळवला. हे बांधापर्यंत गेलेले तिऱ्हाईत. त्यांच्या साक्षीत भारत हा एक हट्टी पण हात न उचलणारा देश होता. अर्थात साक्षीने निकाल लागतोच असे नाही. चारच महिन्यांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर एक संयुक्त पत्रक काढले आणि त्यात गोव्यासारख्या मुलखांना पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटले. प्रांत! आपल्याकडे केवढा गहजब उडाला होता त्या एका शब्दावरून!

मग सहा वर्षे गेली. वर्तमानपत्राच्या कागदाला सहा वर्षे म्हणजे सहा युगे. १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री आपले सैन्य हलले आणि १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणपत्रावर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनहून सालाझार यांचा हुकूम होता. तो या भल्या माणसाने मोडला आणि त्याबद्दल पुढे त्याला लष्करातून काढून टाकण्यात आले. दोन्ही बाजू मिळून पन्नासेक माणसे मेली. साडेचारशे वर्षांची सत्ता त्या मानाने अल्प रक्त सांडून गेली. पण १९५५ सालचे साक्षीदार १९६१ च्या कोर्टात उभे नव्हते. त्यांची बातमी शिळी झाली होती. ताज्या बातमीत रणगाडे होते, विमाने होती आणि ती सारी गांधींच्या देशाची होती.

१८ डिसेंबरला सुरक्षा समितीची बैठक बसली. अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडले स्टीव्हन्सन हे भारताचे जुने चाहते. पण त्या रात्री ते जे बोलले त्याचा भाव असा, की संयुक्त राष्ट्रसंघाच्या मरणाने संपू शकेल अशा नाटकाचा पहिला अंक आपण पाहत आहोत. युद्धबंदी करून सैन्य मागे घ्या, असा ठराव आला. बाजूने ७ मते, विरुद्ध ४. त्या चारांत रशियाचा नकाराधिकार होता, म्हणून ठराव पडला. लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रांनी दुसराही एक धागा पकडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून निवडणूक लढवायची होती. गोवा त्या प्रचारासाठी घेतला, अशी कुजबुज अग्रलेखांत उतरली. मेनन यांच्याविरुद्ध उभे होते आचार्य कृपलानी, म्हणजे नेहरूंचे नगरच्या किल्ल्यातले सहबंदिवान. कृपलानी पडले.

अध्यक्ष केनेडींचा या प्रकरणावरचा एक शेरा सांगतात. आपल्या राजदूतांना, म्हणजे बी. के. नेहरूंना, ते म्हणाले होते म्हणे, की तुम्ही पंधरा वर्षे आम्हांला नीतिपाठ दिलेत आणि वेळ येताच इतर चार देशांसारखेच वागलात. लोक आता म्हणणार की कीर्तनकारबुवा नको त्या घरातून बाहेर पडताना सापडले. केनेडींनी त्या घराचे नाव घेतले होते. दिवाळी अंकात ते छापण्याजोगे नाही.

येथवर ऐकल्यावर पालकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले. “म्हणजे तो अग्रलेख सगळा खोटाच ना?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, तसेही नाही. त्या पत्रांच्या बोलण्यात एक खिळा असा आहे, की तो काढायचा म्हटला तर लाकूड चिरते. १९५६ साली इंग्रज आणि फ्रेंच सुएझवर चालून गेले तेव्हा नेहरूंचा आवाज पहिल्या दिवसापासून खणखणीत होता. त्याच दिवसांत रशियन रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा मात्र तो आवाज उशिरा निघाला आणि हलका निघाला. तिऱ्हाइताने हे टिपून ठेवले होते. गोव्याच्या वेळी त्याने वहीचे ते पान काढले, इतकेच. परक्याच्या लक्षात आपले काय राहते हे आपल्या मुलांना ठाऊक असू नये काय?

आणि ‘जग आपल्याविरुद्ध बोलले’ असे म्हणताना जग म्हणजे कोण, हेही मी त्यांना विचारले. त्या रात्री आपल्या बाजूच्या चार मतांत रशियाखेरीज सिलोन, लायबेरिया आणि ईजिप्तचे संयुक्त अरब गणराज्य होते. त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध लोक उठले होते. आफ्रिकेत गोव्याच्या बातमीने पुष्कळांना आनंद झाला. कोलंबो आणि कैरो या गावांतही वर्तमानपत्रे निघतात. ती परदेशी नव्हेत काय? पण आपण ‘परदेशी’ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो टोपीवाला साहेब. त्याने शिव्या दिल्या की जगाने शिव्या दिल्या, आणि त्याने पाठ थोपटली की जगाने थोपटली! इंग्रजांचे राज्य गेले तरी त्यांच्या परीक्षेत पास होण्याची हौस गेली नाही, असे मी जरा फटकळपणे बोलून गेलो. पालकांनी चहा संपवला आणि नमस्कार करून ते गेले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. पण मुलाला त्यांनी माझ्या वर्गातून काढलेही नाही.

गोव्यापासून बरोबर दहा वर्षांनी नेमकी उलट गोष्ट घडली, आणि ती मला गोव्याच्या गोष्टीहून अधिक गुंतवून ठेवते. १९७१ च्या डिसेंबरात आपले सैन्य पूर्व बंगालात शिरले. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत युद्ध थांबवून सैन्य मागे घेण्याचा ठराव झाला: बाजूने १०४, विरुद्ध ११, तटस्थ १०. गोव्याच्या वेळी एका छोट्या समितीतली सात मते विरुद्ध होती. येथे एकशे चार! अमेरिकेने तर आपले आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले. म्हणजे सरकारांच्या पारावर आपण साफ हरलो होतो. तरीही त्या वर्षीची लंडन-न्यूयॉर्कची पत्रे काढून पाहिली, तर त्यांत १९६१ चा तो सूर नाही. भारताचा स्वार्थ ते सांगतात, पाकिस्तान दुभंगण्यात भारताचा लाभ आहे हेही सांगतात. पण ‘आक्रमक’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून सहजासहजी उतरत नाही.

असे का झाले? बातमीच्या माथ्यावरची गावांची नावे वाचावीत. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली तेव्हा परदेशी बातमीदारांना हॉटेलात कोंडून दुसऱ्या दिवशी देशाबाहेर काढण्यात आले. सायमन ड्रिंग नावाचा एक तरुण इंग्रज बातमीदार तेवढा लपून राहिला आणि शहर पाहूनच बाहेर पडला. पुढचे आठ-नऊ महिने निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडत राहिले. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्या छावण्या जगभरच्या बातमीदारांनी पायी हिंडून पाहिल्या. चिखल, पटकी, भिजलेल्या सिमेंटच्या नळांत थाटलेले संसार. हे पाहून आलेल्या माणसाला आमसभेतला आकडा सांगून काय उपयोग?

पण सर्वांत मोठी साक्ष दिली ती एका अशा माणसाने, की ज्याला परदेशी म्हणावे की नाही असाच प्रश्न पडतो. अँथनी मस्कारेन्हस हे पाकिस्तानी पत्रकार. कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये काम करणारे. जन्म १९२८ सालचा, बेळगावचा. घराणे गोव्याकडचे ख्रिस्ती. बेळगाव कुणाचे यावर आपण १९५६ पासून भांडतो आहोत, मोर्चे निघाले, आयोग झाले, कोर्टात दावा पडून आहे. पण बेळगावात जन्मलेल्या या माणसाचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व बंगालात फिरवून आणले. सगळे कसे शांत आहे ते पाहा आणि लिहा, हा हेतू. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. आठवे मस्कारेन्हस. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून, दिवसभरात किती माणसे मारली याचा हिशेब त्यांनी कानांनी ऐकला होता. घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, की मी पाहिले ते लिहिता आले नाही तर यापुढे मला एक ओळही लिहिता येणार नाही.

कराचीत ते छापणे शक्यच नव्हते. बहीण आजारी आहे असे सांगून ते लंडनला गेले आणि ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड एव्हान्स यांना भेटले. एव्हान्स छापायला तयार झाले. पण बायको आणि पाच मुले कराचीत होती. ती आधी बाहेर निघायला हवी होती. म्हणून हे गृहस्थ पुन्हा कराचीला परतले, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने वावरले, कुटुंबाला पुढे धाडले आणि स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटले. १३ जून १९७१ च्या अंकात लेख आला. मथळा एकाच शब्दाचा होता, आणि त्याचा अर्थ वंशसंहार. घर, नोकरी, देश, सगळे मागे राहिले. मी कादंबरीकार आहे; पण माझ्या नायकाकडून एवढे करवून घेण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

त्या लेखाने आपल्याला इतका धक्का बसला, की त्यानंतरच आपण युरोपच्या राजधान्यांत आणि मॉस्कोत स्वतः जाऊन बोलायचे ठरवले, असे इंदिरा गांधींनी पुढे एव्हान्स यांना सांगितले. एका बातमीदाराने आपल्या परराष्ट्रकारणाला असा हात लावल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आणि तो बातमीदार होता शत्रूच्या गोटातला.

आपण त्या वर्षी परदेशी पत्रकारांवर बेहद्द खूश होतो. ही खुशी चार वर्षे टिकली. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि जुलैत लंडन व अमेरिकेच्या पत्रांच्या बातमीदारांना चोवीस तासांत देश सोडण्याचे हुकूम निघू लागले. त्यावर जास्त लिहीत नाही. बांधापर्यंत चालत येणारा माणूस आपल्याही घरात डोकावतो, ही त्याची खोड आहे.

अलीकडच्या काळात मात्र मला साहेबापेक्षा शेजाऱ्याच्या नजरेचे कुतूहल अधिक वाटते. आमच्याजवळच नेप्तीला कांद्याचा मोठा बाजार भरतो. सप्टेंबर १९१९ नव्हे, अगदी परवापरवाच्या सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. येथे शेतकरी भाव पडला म्हणून बोंब मारत होता, आणि तिकडे ढाक्यात गिऱ्हाईक भाव चढला म्हणून. थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या. भर सभेत हसत हसत हिंदीतून त्या म्हणाल्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितले आहे. तुम्ही आधी थोडे कळवले असते तर बरे झाले असते. सभा हसली. पण ज्याला शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणायची सवय आहे, त्याला या बोलण्यातली कुसळे टोचल्यावाचून राहणार नाहीत. ढाक्याच्या वर्तमानपत्रांना भारत कसा दिसतो हे पाहायचे असेल तर मोठमोठ्या करारांच्या बातम्यांपेक्षा कांद्याच्या बातम्या वाचाव्यात. १९७१ साली एक कोटी माणसांना आपण जेवू घातले, हे आपल्या लक्षात आहे आणि ते खरेही आहे. पण तेथली आजची पिढी तेव्हा जन्मली नव्हती. तिची ओळख रोजच्या बाजारातली. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनाबाईंची सत्ता गेली, त्या भारतात आल्या, आणि तिकडे आपल्याविषयीचा राग रस्त्यावर दिसला तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना नवल वाटले. नेप्तीच्या व्यापाऱ्यांना फारसे वाटले नसावे.

श्रीलंकेचेही तसेच. १९६१ साली सुरक्षा समितीत आपल्या बाजूने हात वर करणारे सिलोन ते हेच. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधींनी कोलंबोत करार केला. दुसऱ्या दिवशी सलामी घेताना रांगेतल्या एका नौसैनिकाने त्यांच्यावर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्या एका चित्राखाली कुठल्या बातमीदाराने काय लिहिले, याला महत्त्व उरले नाही. शांतिसेना म्हणून गेलेले आपले जवान ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशी लढू लागले, सुमारे बाराशे तेथेच राहिले, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा सिंहली आणि तमिळ या एकमेकांच्या वैऱ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते: भारतीय सैन्य गेले ते बरे झाले.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त रिसालदार त्या वेळी जाफन्यात होते. एरवी टपरीवर ते पुष्कळ बोलतात. या विषयावर बोलत नाहीत. यंदाच्या पावसाळ्यात मी त्यांना वर्गात बोलावले. पंधरा दिवस आढेवेढे घेऊन ते आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मुलांनी रणगाड्याचे वजन विचारले, तोफेचा पल्ला विचारला. त्यांनी ऐटीत सांगितले. मग खिडकीजवळच्या त्याच मुलीने विचारले, “काका, तिथल्या पेपरात तुमच्याबद्दल काय छापून यायचं?”

रिसालदार थोडा वेळ गप्प राहिले. “बाळ, त्यांची लिपी मला येत नव्हती,” ते म्हणाले. “पण पहिल्या महिन्यात आमची गाडी गावातून निघाली की बाया रस्त्यावर यायच्या. हार घालायच्या. एक म्हातारी रोज शहाळं आणून द्यायची, पैसे घ्यायची नाही. दिवाळीनंतर गाडीचा आवाज आला की त्याच बाया पोरांना हाका मारून आत घ्यायच्या आणि दार लावायच्या.”

“ती म्हातारी पण?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले.

“ती पण.”

“मग तुम्ही तिला काही सांगितलं नाही?”

“काय सांगणार? तमिळ येत नव्हतं रे मला,” रिसालदार म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरची आपली टोपी उचलली.